लाइनवर छाती धडधडते, ईसीजी मात्र नॉर्मल

ताई, नमस्कार.
मी 31 वर्षांचा. गाव बार्शी तालुक्यात. मोशीला भाड्याच्या दोन खोल्यांत आई, बायको आणि चार वर्षांच्या मुलीसोबत राहतो. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे, हातात साधारण अठरा हजार पडतात. पाळी दर आठवड्याला बदलते. थर्डनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट, मग पुन्हा थर्ड. दिवाळीनंतर आमच्या लाइनवर पाच माणसांची चार केली, टार्गेट तेवढंच ठेवलं. दर तासाला बोर्डावर आकडा लिहितात, रिजेक्शन निघालं की समोर नाव. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं, म्हणून मी चहानंतर पाणी पिणंच सोडलंय. आठवड्यातून दोनदा तरी डबल, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या, मारावी लागते, ओटी (ओव्हरटाइम) सिंगल दरानेच मिळतो. नाही म्हटलं की 'उद्यापासून येऊ नको'. महिन्यापूर्वी लाइनवरच छाती धडधडायला लागली, हात गार पडले, वाटलं संपलं आता. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात ईसीजी काढला, नॉर्मल आला. 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले. तेव्हापासून कंपनीची बस लांबून दिसली तरी पोटात गोळा येतो. झोप लागत नाही. सेकंड सुटली की कधी कधी क्वार्टर घेतो. पोरीवर उगाच ओरडतो. कंपनीत ताणतणावावर व्याख्यान झालं, पण ते परमनंटवाल्यांसाठी. वडील म्हणतात, आम्ही पिकाला पाणी द्यायला रात्र-रात्र दारं धरली, आम्हाला काही झालं नाही, मन घट्ट कर. कधी कधी वाटतं बस उलटावी, हातपाय मोडावा, म्हणजे महिनाभर घरी पडून तरी राहता येईल. हे अजून कुणाला बोललो नाही. मी कमजोर आहे का? नोकरी सोडू का?
— एक कामगार, मोशी

नमस्कार दादा,

बस उलटावी असं वाटतं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. मी सुरुवात तिथूनच करते. हा विचार वाटतो तितका विरळा नाही. सुट्टी मागायची सोय नसली की माणूस ती अपघाताकडे मागायला लागतो. बहुतेक वेळा त्यात मरायची इच्छा नसते, थांबायची असते. पण तो विचार तिथेच थांबेल असं धरून चालता येत नाही, म्हणून सरळ विचारते. आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का? काय करायचं, कसं करायचं, इथपर्यंत विचार गेलाय का? उत्तर हो असेल तर हे पत्र बाजूला ठेवा, बायकोला उठवून सांगा आणि 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धोका अगदी आत्ताचा वाटत असेल तर एकटे राहू नका, कुणाला तरी सोबत घेऊन थेट वायसीएमच्या किंवा ससूनच्या तातडीच्या विभागात जा. उत्तर नाही असेल, तरी बायकोला सांगाच. तुम्ही चिडता, झोपत नाही, पिऊन येता, हे तिला रोज दिसतंय. कारण माहीत नसल्यामुळे ती स्वतःच्या मनाने काहीतरी कारण लावत असणार, आणि ते बहुधा खऱ्याहून वाईट असेल.

आता छातीचं. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तुम्हाला काहीच झालं नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही. धोका दिसला की शरीर पळायची तयारी करतं. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातापायांच्या कातडीकडचं रक्त कमी होऊन ते गार पडतात. समोर बिबट्या असता तर हे सगळं उपयोगाचं होतं. तुमच्यासमोर बोर्ड होता, आणि बोर्डापासून पळता येत नाही. अशा झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग हळूहळू उतरतो, पण त्या दहा मिनिटांत माणसाला खरोखर मरण दिसतं. एकदा तो आला की ज्या जागी आला ती जागा, तिथे नेणारी बस, बसचा हॉर्न, सगळंच शरीर धोक्याच्या खात्यात टाकतं. पोटातला गोळा तिथून येतो. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, म्हणून पत्रावरून निदान करणार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर एकदा तपासून घ्या, कारण थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी छाती अशीच धडधडते. ते सगळं ठीक निघालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. पॅनिकवर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

वडिलांच्या बोलण्यावर मात्र मला जरा थांबायचंय, कारण 'मन घट्ट कर' हे वाक्य मी तुमच्यासारख्या किती जणांकडून ऐकते. तुमचे वडील खोटं बोलत नाहीत. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्री यायची, थंडीत चिखलात उभं राहायचं, विंचूकाट्याची भीती, सकाळी पुन्हा जनावरांचं बघायचं. ते कष्ट तुमच्यापेक्षा कमी नव्हते, कदाचित जास्तच होते. पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती. कोणतं दारं आधी फोडायचं ते त्यांनी ठरवलं. पाय भरून आले तर बांधावर बसले, बिडी ओढली, तहान लागली तर पाणी प्यायले. आज अंग मोडून आलं तर उद्याचा वाफा परवावर ढकलला. कुणी तासातासाला फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं नाही. शेतकऱ्याला ताण नसतो असं मी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या घरांना कर्जाचा आणि पावसाचा ताण काय असतो ते मी सांगायला नको. पण तुम्हाला जे होतंय त्याची जात वेगळी आहे. काम भरपूर, आणि त्यात आपलं म्हणणं काहीच नाही.

हा माझ्या मनचा सिद्धांत नव्हे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने 1979 मध्ये हेच मांडलं. कामाचा रेटा किती, एवढंच बघून चालत नाही, त्या रेट्यावर माणसाचा ताबा किती तेही बघावं लागतं. रेटा मोठा आणि ताबा नाही, ही जोडी सगळ्यात घातक. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांचा 1985 पासून चाललेला व्हाइटहॉल अभ्यास आहे, सर मायकेल मार्मट यांनी सुरू केलेला. सगळ्यांना वाटायचं, मोठ्या साहेबांना ताण जास्त, हार्ट अटॅक त्यांनाच जास्त येत असणार. निघालं उलटं. खालच्या पदांवरच्या, कामावर ताबा नसलेल्या माणसांना हृदयविकार जास्त होता. आता तुमची लाइन या नजरेने बघा. माणूस कमी केला, टार्गेट ठेवलं, हा रेटा. लघवीला विचारून जायचं, पाळी कुणीतरी ठरवायची, डबलला नाही म्हणायचं नाही, हा ताब्याचा अभाव. वर नाव बोर्डावर. तुमच्या जागी लोखंडाचा माणूस उभा केला तरी काही महिन्यांत त्याचा रंग उतरेल. कमजोर आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तुमची समजूत काढायला म्हणून देत नाहीये.

ते व्याख्यान तुम्हाला मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. खोल श्वास घ्या, सकारात्मक राहा, हे ऐकवून लाइनवर पाचवा माणूस परत येत नाही. श्वासाचा व्यायाम पॅनिकमध्ये उपयोगी आहे, खाली सांगते. पण जी गोष्ट कंपनीने बदलायला हवी ती कामगाराच्या श्वासावर ढकलणं मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत कामाने येणाऱ्या या थकव्याची, म्हणजे बर्नआउटची नोंद केली आहे, आणि तीही आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी उपजणारी स्थिती म्हणून. ज्या जागी उपजते तिथेही औषध लागतं.

तुमच्या पत्रात अजून एक गोष्ट मला टोचली, ती तुम्ही सहज लिहून गेलात. तुमची पाळी उलटी फिरते. माणसाच्या शरीराचं घड्याळ बहुतेकांत चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं. त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं अवघड. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड, अशी पाळी फिरली तर शरीर कसंबसं जुळवून घेतं. थर्डवरून सेकंड आणि सेकंडवरून फर्स्ट म्हणजे दर वेळी घड्याळाचा काटा मागे ओढायचा. त्यात भर म्हणजे सेकंडचा शेवटचा दिवस ते फर्स्टचा पहिला दिवस यात झोपायला रात्र उरतेच किती? हे बदलायला कंपनीला एक रुपया खर्च नाही. तेवढीच माणसं, तेवढ्याच पाळ्या, फक्त क्रम उलटा. म्हणूनच मागायची पहिली गोष्ट ही ठेवा. तुमच्या कंपनीत सजेशन बॉक्स किंवा कायझेन (सुधारणा सुचवायची योजना) असेल, सुरक्षा समिती असेल, तर तिथे हे द्या, आणि जमलं तर परमनंटवाल्यांपैकी कुणाच्या हाताने द्या. त्यांचीही पाळी उलटीच फिरते, तेही वैतागलेले असणार.

डबलचं गणित स्वतः मांडा. आठवड्याचे 48, वर दोन डबलचे सोळा, म्हणजे 64 तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मिळून काढलेला हिशेब असा, की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्याला 35 ते 40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्क्यांनी. तुमचा ईसीजी आज नॉर्मल आहे, तो तसाच राहावा म्हणून हे सांगते, घाबरवायला नाही. कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. आठवड्याची मर्यादा 48 तासांची, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. सिंगलने ओटी देणं ही ठेकेदाराने तुमची केलेली लूट आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे कंपनीच्या एचआरला चांगलं माहीत असतं. म्हणून एक वही करा. तारीख, पाळी, डबल होती का, किती वाजता सुटलो, किती तास झोप लागली. मोबाइल गेटवर जमा होत असेल, होत नसला तरी आत बोर्डाचा फोटो काढून उगाच अडकू नका. घरी आल्यावर लिहा. दोन-तीन महिन्यांची अशी वही आणि पगाराच्या स्लिपा एकत्र ठेवल्या की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बोलताना तुमच्या शब्दाला वजन येतं. तिथे एकट्याने जाऊ नका. कंत्राटी कामगारांसाठी काम करणाऱ्या संघटना पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत, लाइनवरचे चौघं मिळून आधी त्यांच्याकडे जा. एकट्याला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं सोपं, चौघांना म्हटलं तर लाइन बंद पडते.

सुपरवायझरशी बोलायचं असेल तर मनाचं बोलू नका, मालाचं बोला. हे मला पटतं म्हणून नव्हे, त्याच्यावरही वरून आकड्याचाच दट्ट्या असतो म्हणून. 'शेवटच्या दोन तासांत रिजेक्शन किती निघतं ते बघा साहेब, एक रिलीव्हर दिला तर तेवढंच वाचेल.' रिलीव्हर, म्हणजे थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस, आला की बाथरूमचा प्रश्न आपोआप सुटतो. तोवर पाणी मात्र सुरू करा. आठ तास पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं, यातून जळजळ, संसर्ग, मुतखडा, सगळं मागे लागतं. शिवाय अंगात पाणी कमी असलं की ठोके आणखी वाढतात, आणि तुम्हाला वाटतं पुन्हा तेच सुरू झालं. विचारून जावं लागलं तर विचारून जा. लाज ज्याने नियम केला त्याला वाटली पाहिजे.

झटका पुन्हा आला तर मशीनपासून एक पाऊल मागे या. हात मशीनमध्ये असताना हा खेळ नको. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, म्हणजे मनात चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. 'हा मागच्या वेळी उतरला होता, आताही उतरेल' हे स्वतःला सांगा. मात्र छातीत दाब आला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर पॅनिकच असेल असं समजून बसू नका, दवाखाना गाठा.

झोपेसाठी थोडं घरात करावं लागेल. दोन खोल्या, आई, लहान पोर, कुकरची शिट्टी, अशा घरात दिवसा झोपणं किती कठीण ते मला कळतं. थर्डच्या आठवड्यात एक खोली सकाळी चार-पाच तास तुमची, एवढं घरात ठरवा. खिडकीला जाड काळं कापड लावा. सकाळी बसमधून उतरल्यावर घरी येईपर्यंत काळा गॉगल घाला, कारण सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदू दिवस सुरू झाला असं समजतो. रात्रपाळीत चहा पहिल्या निम्म्या पाळीतच घ्या. पहाटेच्या चहाचा परिणाम घरी येऊन पडल्यावरही अंगात असतो. थर्ड सुटल्यावर बाइक चालवायची नाही, हे तर अगदी पक्कं करा. नाशिक रस्त्यावर झोपेच्या तारेत चालवणारी मुलं मला रोज डोळ्यांसमोर दिसतात.

क्वार्टरबद्दल ओरडणार नाही. तुम्ही मजेसाठी पीत नाही, झोपेसाठी पिता. पण दारूने डोळा लागतो, झोप लागत नाही. ती उतरायला लागली की पहाटे जाग येते, ठोके वाढतात आणि दुसऱ्या दिवशी धाकधूक जास्त होते. पॅनिक असलेल्या माणसासाठी तर ही वाटच उलटी आहे. अजून कधीमधीच आहे तोवर बंद करा, आणि डॉक्टरांपासून हे लपवू नका. ते औषध देणार असतील तर त्यांना माहीत असणं गरजेचं आहे.

नोकरी सोडू का, हे या अवस्थेत ठरवू नका, निदान थर्डच्या आठवड्यात तर नाहीच. न झोपलेल्या माणसाला दोनच रस्ते दिसतात, सहन करायचं किंवा फेकून द्यायचं. आधी काही आठवडे उपचार आणि झोप. त्याच काळात भोसरी, तळेगाव, रांजणगाव इकडे ओळखीतून विचारपूस सुरू ठेवा, आणि पीएफचं पासबुक उघडून बघा, ठेकेदाराने पैसे खरंच भरलेत का. उपचार सुरू झाले, पाळी आणि डबलचं बोलून झालं, आणि तरी बोर्डावरचं नाव आणि 'येऊ नको'ची धमकी तशीच राहिली, तर सोडा. मी तेव्हा तुम्हाला थांबा म्हणणार नाही. दुसरी नोकरी हातात घेऊन सोडा, एवढंच.

राहिला दवाखान्याचा प्रश्न. तुमचा पगार 21,000 च्या आत आहे, म्हणजे पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत असणार, स्लिपवर बघा. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25. बरेच कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं ही कपात देतात आणि कार्ड कधी बाहेर काढत नाहीत. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि दाखला दिला, तर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, ती तुमची बहुधा असेल, पण एकदा खात्री करा. जी सुट्टी तुम्ही बस उलटण्याकडून मागत होतात, ती मिळवायचा हा रस्ता आहे, आणि त्यासाठी हात मोडावा लागत नाही. मानसोपचार विभागात गेलो हे कंपनीत कळेल, ही भीती असेल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुमची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टरांना बांधतो. लाइनवर कुणाला किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, सांगितलंच पाहिजे असं काही नाही.

हे वाचाल तेव्हा सेकंड चालू असली तर सकाळ मोकळी मिळेल, आणि ओपीडी सकाळीच असते. आधार, ईएसआयचं कार्ड, वायसीएमचा ईसीजी आणि केस पेपर एका पिशवीत घाला. बायकोला सोबत न्या. पोरीला आजीकडे ठेवा. डॉक्टरांसमोर 'झोप येत नाही' एवढ्यावर थांबू नका. छातीचं, बसचं, पाण्याचं, क्वार्टरचं, सगळं सांगा. बोलताना अडखळाल असं वाटलं तर तुम्ही मला लिहिलेलं हेच पत्र त्यांच्या टेबलावर ठेवा, चांगलं लिहिलंय. काय म्हणाले ते मला कळवा.

— तुमची ताई